वेगाचा हिशेब

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांना हिशेबाची सवय फार जुनी आहे. किराणा, दूध, शाळेची फी, गणेशोत्सवाची वर्गणी, मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली ठेव, या साऱ्यांचा जमाखर्च आपण पै-पैने मांडतो. मात्र एक हिशेब असा आहे की, जो आपल्याच घरातील नववी-दहावीची मुले दरवर्षी वहीत नेमाने सोडवितात, त्याला गुणही मिळवितात, आणि परीक्षा संपली की वहीबरोबर तोही रद्दीत जातो. हा हिशेब म्हणजे वेगाचा. गती, बल, कार्य आणि ऊर्जा ही विज्ञानाच्या पुस्तकातील प्रकरणे पाठ झालेली असतात. पण दोन वर्षांनी त्याच मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली येते, तेव्हा त्या प्रकरणांतील एकही सूत्र त्याच्या मनात जागे नसते. दोष त्याचा नाही. सूत्राचा आणि रस्त्याचा संबंध त्याला कोणी दाखवून दिलेला नसतो.

या विस्मरणाची किंमत किती, हे सांगणारा एक आकडा आम्ही प्रारंभीच देतो. शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ५०,०२९ माणसांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. आणि शंभरांतील सुमारे सत्तर मृत्यूंच्या कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ हा शब्द लिहिलेला होता. इंदूरचा राजवाडा असो, ग्वाल्हेरचा महाराजबाडा असो, बडोद्याची मांडवी असो की बेळगावची गणपत गल्ली असो, आपली मुले याच रस्त्यांवरून रोज ये-जा करतात. म्हणून शाळेतले ते प्रकरण आज आपण घरच्या भाषेत, घरच्याच उदाहरणांनी पुन्हा एकदा उघडू या.

शब्द निराळे, अर्थ एक

आपल्या घरांची एक खास अडचण आहे, तिचा विचार आधी करावयास हवा. आई-वडिलांचे शिक्षण एका भाषेत झालेले, मुलांचे दुसऱ्या भाषेत चाललेले. मुलाने शंका विचारली की, “आम्हांला तुमच्या भाषेतले विज्ञान येत नाही,” असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः हे अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही. माळव्यात हिंदीतून शिकणाऱ्या मुलाचे चाल, वेग, त्वरण, संवेग, बल, कार्य, ऊर्जा हे शब्द जवळजवळ जसेच्या तसे मराठी पुस्तकांतही आहेत. गुजरातीत चालीला ‘झडप’, त्वरणाला ‘प्रवेग’ आणि संवेगाला ‘वेगमान’ म्हणतात. कन्नड पुस्तकात त्वरणाच्या जागी ‘वेगोत्कर्ष’ असा मोठा अर्थपूर्ण शब्द आढळतो. इंग्रजी शाळेत शब्द आणखी वेगळे. पण चेंडू सर्व भाषांत सारखाच खाली पडतो.

घोळ होतो तो परक्या शब्दांमुळे नव्हे, तर ओळखीच्या शब्दांमुळे. एकक काळात किती अंतर कापले, ती चाल. त्या चालीला दिशा जोडली की वेग. वेग दर सेकंदाला जितका बदलतो, ते त्वरण. मग वेग वाढो वा कमी होवो. ‘शक्ती’ हा शब्द आपण घरात ताकद या अर्थाने वापरतो. शास्त्रात मात्र काम करण्याच्या दराला शक्ती म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर धान्याचे पोते एकाने पाच मिनिटांत नेले आणि दुसऱ्याने एका मिनिटात, तर दोघांचे कार्य सारखेच झाले. शक्ती तेवढी दुसऱ्याची पाचपट. आणि भरलेली बादली हातात धरून कोणी अर्धा तास एका जागी उभे राहिले, तर त्याचा हात भरून येईल, पण शास्त्राच्या दृष्टीने बादलीवर झालेले कार्य शून्य. कारण बादली जागची हललीच नाही. कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने सरकलेले अंतर. ही व्याख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे हेल्मेटचे सारे मर्म हिच्यातच दडलेले आहे.

गतीला नव्हे, बदलाला बल लागते

बैलगाडी ओढणारे बैल थांबले की गाडी थांबते. ढकललेली पेटी हात काढताच उभी राहते. यावरून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने असा निष्कर्ष काढला होता की, गती टिकविण्यासाठी सतत बल लावावे लागते. रोजच्या अनुभवाला हे इतके पटणारे होते की, सुमारे दोन हजार वर्षे बहुतेकांनी ते खरे मानले. इटलीत १५६४ साली जन्मलेल्या गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गुळगुळीत गोळे सोडून या समजुतीची परीक्षा घेतली. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ कमी केला तर तीच उंची गाठण्यासाठी तो अधिक दूर जातो. मग चढ मुळीच ठेवला नाही तर? घर्षण नसेल तर गोळ्याने चालतच राहिले पाहिजे. म्हणजे गोळ्याला थांबविते ते घर्षण. गती ही काही आपोआप संपणारी वस्तू नव्हे. पुढे न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात यालाच गतीच्या पहिल्या नियमाचे रूप दिले. बाहेरचे बल लागले नाही, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात.

बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे कोलमडतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. बस थांबली, पाय बसबरोबर थांबले, आणि उरलेले शरीर आपल्या आधीच्याच वेगाने पुढे निघाले, एवढेच घडलेले असते. ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. पण मोटारीत पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या बाबतीत तीच गोष्ट फार गंभीर होते. हा हिशेब मांडून पाहू.

मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, चालली आहे. समोर अडथळा येऊन ती एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. एवढ्या वेळात १५ मीटरचा वेग शून्यावर आणायचा, म्हणजे त्वरण १५० झाले. बाळाचे वजन १० किलो धरले, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याला धरून ठेवण्यास १५०० न्यूटन बल लागेल. घरगुती भाषेत हे सुमारे दीडशे किलोंचे ओझे झाले. ते ओझे एका क्षणात, काहीही पूर्वसूचना नसता, दोन हातांनी सांभाळायचे! मातेची माया कितीही थोर असली तरी हे तिच्या हातून होणे शक्य नाही. शिवाय तिने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिचे शरीरही त्याच वेगाने बाळाच्या मागून पुढे येते. स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात, मुठींच्या मध्ये उभ्या केलेल्या मुलाची स्थितीही हीच. पुढे लोखंडी दांडा आणि मागून वडिलांचा सारा भार. आपल्याला ती जागा सर्वांत सुरक्षित वाटते, कारण मूल डोळ्यांसमोर असते. शास्त्राच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे.

स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तीन जागी अडकणारा आसनपट्टा प्रचारात आणला, तो जडत्वाच्या याच स्वभावावर उपाय म्हणून. पट्टा शरीराला गाडीशी बांधून टाकतो, म्हणजे गाडी जितक्या वेळात थांबेल तितका वेळ शरीरालाही मिळतो. पट्टा नसेल तर गाडी आधी थांबते, आणि शरीर नंतर, समोरच्या काचेवर.

एका मातेने मुलासाठी लिहिलेले पुस्तक

आता ऊर्जेकडे वळू. चालत्या वस्तूत दुसऱ्यावर आघात करण्याची जी कुवत असते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते, की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात? सतराव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावरून युरोपात मोठा वाद माजला. जर्मन पंडित लायब्निट्झ यांनी १६८६ साली असे मांडले की, हिशेब वेगाच्या वर्गाने करावयास हवा. पुष्कळांना ते पटेना. पुढे हॉलंडमधील प्राध्यापक ग्रावेसांडे यांनी एक साधा प्रयोग केला. मऊ मातीच्या थरावर पितळी गोळे निरनिराळ्या उंचीवरून सोडून प्रत्येक गोळा किती खोल रुतला, हे त्यांनी मोजले. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा दुप्पट नव्हे, चौपट खोल गेला. तिप्पट वेगाचा नऊपट.

या निष्कर्षाची बाजू फ्रान्समध्ये हिरिरीने मांडली ती एमिली द्यु शात्ले या विदुषीने. भौतिकशास्त्रावरील तिचे पुस्तक १७४० साली प्रसिद्ध झाले. ते तिने आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने लिहिले होते, आणि त्याची प्रस्तावना मुलाला उद्देशून आहे. न्यूटनच्या लॅटिन ग्रंथाचे फ्रेंच भाषांतरही तिने केले. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, १७४९ साली, तिचा अंत झाला. भाषांतर पूर्ण रूपात १७५९ साली बाहेर आले. आपल्या मुलाला समजावे म्हणून शास्त्र मुळातून शिकणारी आणि ते परक्या भाषेतून घरच्या भाषेत आणणारी ही माता आपल्या वाचकभगिनींना परकी वाटू नये.

ग्रावेसांडे यांच्या मातीतील खड्डाच आज शाळेच्या पुस्तकात सूत्र होऊन बसला आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचे निम्मे, गुणिले वेगाचा वर्ग. स्कूटर आणि तिच्यावरील दोन माणसे यांचे वस्तुमान मिळून २५० किलो धरू. ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला, ऊर्जा होते १२,५०० ज्यूल. वेग ताशी ७२ झाला की तीच ऊर्जा ५०,००० ज्यूल होते. काटा दुप्पट सरकला, घात चौपट झाला. मूठ पिळणाऱ्या हाताला मात्र या दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. यंत्राने वेग स्वस्त करून ठेवला आहे. त्याची किंमत वसूल होते ती थांबण्याच्या वेळी.

याच वेगांचे उंचीत रूपांतर केले तर चित्र अधिक स्पष्ट होईल. ताशी ३६ किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून म्हणा. ताशी ५४ म्हणजे ११ मीटरहून अधिक. ताशी ७२ म्हणजे २० मीटर. सहा मजली इमारतीची उंची. पहिल्या मजल्याच्या कठड्यावर मूल वाकले तरी आपला जीव खालीवर होतो. तेच मूल ताशी साठ-सत्तरने दृष्टीआड जाते, तेव्हा आपण चहाचा कप पुढे ओढून घेतो.

थांबावयास किती रस्ता लागतो?

“माझे ब्रेक उत्तम आहेत,” असे प्रत्येक तरुण सांगतो, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु ब्रेक दाबला जाण्यापूर्वी एक गोष्ट घडावी लागते. डोळ्यांनी अडथळा पाहायचा, मेंदूने तो ओळखायचा आणि हातापायांना आज्ञा जायची. सावध माणसालाही यास सुमारे एक सेकंद लागतो. मोबाईलवर बोलणाऱ्याला, मागच्याशी गप्पा मारणाऱ्याला किंवा झोपमोड झालेल्याला त्याहून अधिक. या सेकंदात गाडी मूळच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग ५ मीटर-प्रति-सेकंदाने उतरतो असे धरू. साध्या वाहनाच्या दृष्टीने हा अंदाज वाजवी आहे.

ताशी ३६ किलोमीटरला विचाराच्या सेकंदात १० मीटर आणि ब्रेकखाली १० मीटर, एकूण २० मीटर रस्ता लागेल.

ताशी ५४ ला १५ मीटर आणि २२.५ मीटर, एकूण ३७.५ मीटर.

ताशी ७२ ला २० मीटर आणि ४० मीटर, एकूण ६० मीटर.

वेग दुप्पट झाला, पण रस्ता तिप्पट लागला. पाऊस पडून रस्ता ओला झाला आणि घर्षण निम्म्यावर आले, तर ब्रेकखालचे अंतर आणखी दुप्पट होते. तेव्हा ताशी ७२ ला एकूण १०० मीटर लागतील.

या आकड्यांतून एक निष्कर्ष असा निघतो की, जो आम्हांला स्वतःला सर्वांत धक्का देणारा वाटतो. अगदी २० मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले, असे समजा. ताशी ३६ ने येणारी स्कूटर त्याच्यापाशी येऊन थांबते. मूल घाबरते, रडते आणि घरी जाते. तीच स्कूटर ताशी ४५ ने येत असती तर? विचाराच्या सेकंदात साडेबारा मीटर संपले. ब्रेकसाठी साडेसात मीटर उरले. हिशेब केला म्हणजे दिसते की, मुलापाशी पोहोचताना स्कूटरचा वेग अजून ताशी सुमारे ३२ किलोमीटर असेल. आणि ताशी ५४ ने येत असती, तर ब्रेक करकचून दाबलेला असूनही ती ताशी ४७ हून अधिक वेगाने मुलावर आदळली असती. काट्यावर केवळ नऊ किलोमीटरचा फरक. पण एका बाजूस शून्य आणि दुसऱ्या बाजूस बत्तीस. “थोडासाच तर वेग जास्त होता” या वाक्याला शास्त्रात जागा नाही. ब्रेकखाली वेग आधी हळूहळू आणि अखेरीस झपाट्याने उतरतो. म्हणून शेवटचे चार-पाच मीटरच जीव वाचवितात, आणि आधीच्या अधिक वेगाने तेच खाऊन टाकलेले असतात.

आंब्याची पेटी आणि हेल्मेट

आंब्याच्या पेटीत पेंढा का घालतात, हे आपल्या घरात कोणाला सांगावयास नको. बांगड्यांची पुडकी कागदात गुंडाळतात, क्रिकेटचा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, उंचावरून उडी मारणारा गुडघे वाकवितो. या सर्वांमागे एकच तत्त्व आहे. वस्तूची ऊर्जा संपवायची तर कार्य करावे लागते, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे आपण वर पाहिलेच. अंतर वाढविले तर तेच कार्य थोड्या बलात होते. अंतर चोरले तर बल भरमसाट वाढते.

आता डोक्याचा विचार करू. माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर धरले आणि स्कूटर जागच्या जागी आडवी झाली, तरी जमिनीवर पोहोचेपर्यंत डोक्याला ताशी १८ किलोमीटर वेग येतो. म्हणजे “गल्लीतल्या गल्लीतच जायचे आहे, हेल्मेट कशाला,” हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळतो. त्या वेळी डोक्यात सुमारे ६२ ज्यूल ऊर्जा असते. उघडे डोके दगडावर आपटले आणि हाड-कातडे मिळून अडीच मिलिमीटर दबले, तर बल होते सुमारे २५,००० न्यूटन. अडीच टनांचा भार. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर अडीच सेंटिमीटर दबला, तर तेच बल दहाव्या हिश्शावर येते. हे आकडे स्थूल आहेत. डोकी निरनिराळी, आघात निरनिराळे. पण दहापटीचा हा फरक कवटीच्या दृष्टीने जगणे आणि न जगणे यांतील फरक ठरू शकतो.

यावरून दोन-तीन व्यावहारिक गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. हेल्मेटचे काम त्याचे कठीण कवच एकटे करीत नाही, आतला चुरडला जाणारा थर करतो. म्हणून नुसत्या प्लॅस्टिकची टोपी डोक्यावर ठेवून उपयोग नाही. आय.एस. ४१५१ या मानकाची खूण पाहूनच ते घ्यावे. एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आतला पेंढा एकदाच दबतो. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल, तर डोके जमिनीवर पोहोचण्याआधीच हेल्मेट वेगळ्या दिशेने गेलेले असते. ते हातात अडकविणाऱ्यांचे कोपर तेवढे सुरक्षित राहते.

घाट उतरताना

बेळगावकडून चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक हिशेब. घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या गाडीत तिच्या उंचीमुळे ऊर्जा साठलेली असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. १६ टन वजनाचा ट्रक ३०० मीटर खाली उतरला, तर ४ कोटी ८० लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते, कारण ऊर्जा नाश पावत नाही. ट्रकचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर तिचे उष्णतेत रूपांतर करणे भाग आहे. साध्या तापमानाचे सुमारे १६० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता! ती सगळी ब्रेकच्या पट्ट्यांवर सोपविली, तर त्या तापून निकामी होतात, आणि ऐन वळणावर पायाखालचा ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते आणि बराच भार आपल्या अंगावर घेते. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा मनुष्य हा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

रेल्वेच्या अभियंत्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कर्जत-खंडाळ्याच्या बोरघाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे; गोव्याच्या वाटेवरील कॅसलरॉक ते कुळे या घाटातही चढ तितकाच. बोरघाटात उतरणीच्या मार्गालगत चढावर जाणारे आडफाटे बांधलेले आहेत. गाडी आवरेनाशी झाली तर तिला त्या चढावर वळवायचे, म्हणजे वेगाची ऊर्जा पुन्हा उंचीत जमा होऊन गाडी थांबते. गॅलिलिओचा समोरचा चढच तो; गोळ्याच्या जागी आगगाडी आली एवढेच.

कायदा आणि घर

कायद्यानेही हा हिशेब आपल्या परीने मांडला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले. गिअर नसलेले, पन्नास सी.सी.पर्यंतचे वाहन सोळाव्या वर्षी. इतर सर्व अठराव्या वर्षांनंतरच, असा त्यात नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. २०२३ च्या फेब्रुवारीपासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावयाचा आहे. मागच्या चाकावरील जाळीही नियमातच सांगितलेली आहे. साडीचा पदर वा ओढणी फिरत्या चाकात अडकली, तर त्या चाकामागे साऱ्या गाडीची ऊर्जा उभी असते, हे भगिनींनी विसरू नये.

तथापि पोलिसाच्या भीतीने बांधलेला पट्टा पोलीस दिसेनासा होताच सुटतो. समजून बांधलेला सुटत नाही. म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. एखाद्या रविवारी मुलांना बरोबर घेऊन घरासमोरच्या गल्लीत टेपने २० मीटर मोजा आणि खडूने खूण करा. मग ३७.५ मीटरवर दुसरी आणि ६० मीटरवर तिसरी. तिन्ही खुणांवर एकेकाला उभे करा. ६० मीटरवर उभा राहिलेला भाऊ किती लहान दिसतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सूत्र पाठ करावे लागत नाही. ब्रेकखालचे अंतर मुलांकडूनच काढून घ्या. शाळेत ती हिंदीतून शिकत असोत वा गुजरातीतून, उत्तर एकच येईल. आणि आजोबांनी तेच गणित मराठीतून करून दाखविले, तर त्यांच्याविषयीचा आदर वाढेल, हा वेगळा लाभ.

शेवटी जमेची बाजूही तपासून पाहू. घरापासून महाविद्यालय ६ किलोमीटरवर आहे असे धरा. वाटेत एकदाही न थांबता ताशी ३६ ने गेले तर १० मिनिटे लागतात. ताशी ५४ ने गेले तर ६ मिनिटे ४० सेकंद. वाचले ३ मिनिटे २० सेकंद, आणि वाटेत दोन चौक व एक फाटक लागले तर तेवढेही नाही. खर्चाच्या बाजूला आघाताची ऊर्जा सव्वादोनपट, थांबण्याचा रस्ता जवळजवळ दुप्पट, आणि चेंडूमागे धावलेले कोणाचे तरी मूल. पै-पैचा जमाखर्च ठेवणाऱ्या आपल्या घरांनी हा व्यवहार एकदा वहीत मांडावा. उत्तर काय येते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.